निघते आता, तीनदा

मास्तर, रविवारी दुपारी चार वाजता प्रयोग आहे. हे आधी सांगून टाकते, कारण कुणीही भेटलं की तुमचा पहिला प्रश्न तोच असायचा. तब्येत, पाऊसपाणी, लेकरंबाळं सगळं त्याच्यानंतर.

तुम्ही गेल्याला अकरा दिवस झाले. आपल्या नाटक मंडळानं ठरवलं की प्रयोगाला येणाऱ्यांच्या हातात एक छापील कागद द्यायचा, त्यावर तुमच्याविषयी काही असावं. जन्म, नोकरी, नाटकांची यादी हे गुलाबरावांनी पाठ म्हणून दाखवलं असतं. इतकी वर्षं तुमच्या पेटीला तबला त्यांचाच. पण तुमच्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "सुमन लिहील." मी म्हटलं, वहिनी, मी चौथीतून शाळा सोडलेली बाई. त्या म्हणाल्या, "ऱ्हस्वदीर्घ मी पाहीन. बाकीचं तू पाय." वहिनी शाळेत शिकवायच्या, त्यामुळे या कागदावर शुद्धलेखन त्यांचं आहे आणि धडधड माझी.

आणि खरं सांगायचं तर मला तुमच्याशी भांडणच पुरं करायचं आहे. ते अर्धं राहिलं.

मी नागपूरला आले तेव्हा आमच्या खाडीकाठच्या गावाहून इथं पोचायला होडी, मग एसटी, मग दोन रेलगाड्या लागायच्या. ह्यांची नोकरी रेल्वेत, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. महाल भागातल्या त्या खोलीत मी, शिलाईचं मशीन आणि ऊन, एवढेच. 'काहून' म्हणजे 'का' हे कळायला मला आठवडा लागला. शेजारणी प्रेमानं बोलत असल्या तरी मला वाटायचं रागावल्याच आहेत. म्हणून मी मशीन दाराशी ओढलं आणि दिवसभर खाली मान घालून शिवत बसायला लागले.

तिथं तुम्ही एकदा काळा कोट घेऊन आलात. कोपराशी फाटला होता. "बसतो इथंच," म्हणालात आणि पायरीवर बसलात. परका पुरुष दारात बसलेला, मी घाबरून पाय थांबवला. तुम्ही वळूनही न पाहता म्हणालात, "थांबू नको वं बाई. चालू ठेव. बरी चालून राहिली होती." आणि डब्याच्या झाकणावर बोटं वाजवायला लागलात. पोस्टात पत्रं लावणारा माणूस माझ्या मशीनवर चाल बांधतोय, हे मला कसं कळावं? दुसऱ्या दिवशी तोच कोट, दुसरी बाही फाटलेली. चौथ्या दिवशी खिसा. पुढे वहिनींनीच सांगितलं, "अगं, ते घरी बसून कात्रीनं फाडून राहिले होते. मी म्हटलं, सरळ सांगा ना तिले, तुह्या मशीनचा आवाज पाहिजे म्हणून. त म्हणतात, असं कसं सांगू, पागल समजंल ना मले."

त्या मशीनमुळे आपल्या मंडळात लयीला वेगळीच नावं पडली. भरभर गाणं म्हणजे 'टीप'. लांब, सरळ, एकसारखं म्हणजे 'फॉल'. थांबत थांबत, श्वास घेत म्हणजे 'हातशिलाई'. गुलाबराव पहिल्यांदा चिडले. "मास्तर, मी उस्तादाजवळ बारा वर्सं शिकलो, मले फॉल लावाले नका सांगू." तुम्ही म्हणालात, "बारा वर्सं शिकला ना? मग हे तेरावं समज." आज तेच गुलाबराव नव्या मुलांना ओरडतात, "अबे, हा फॉल हाये, टीप काहून मारून राहिला?"

तुम्हाला सगळे 'इटालियन मास्तर' का म्हणतात, हे मला पहिल्या गुरुपौर्णिमेला कळलं. तुमच्या घरी मी पेढे घेऊन आले, तर पाटावर गुरूचा फोटो नाही. फोनो होता, गाणी वाजवायचा. त्यावर एक तबकडी, आणि तबकडीवर झेंडूचं फूल. मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मले नको विचारू. लग्न झालं तेव्हापासून हाच गुरुजी घरात हाये."

बर्डीच्या रविवारच्या जुन्या बाजारात ती तबकडी तुम्हाला मिळाली होती. मधलं नाव घासून गेलेलं, कडेला एक चरा. लावली तर आत बाया-पुरुष भांडत होते, गाऊन. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, पण कोण खोटं बोलतंय, कोणाला हसू आवरत नाहीये, सगळं कळत होतं. तुम्ही ती घेऊन सदर भागातल्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे गेलात. ते इटलीचे. त्यांनी ऐकली आणि डोळे पुसले. म्हणाले, हे रचणारा आमच्याच भागातला, बँड वाजवणाऱ्याचा मुलगा. आयुष्यभर फिरत्या मंडळींसाठी अशी हसरी गाणी-नाटकं केली. मोठ्या नाट्यगृहांनी त्याला दार उघडलं नाही. जाणकार म्हणायचे, हलकं आहे. पण प्रयोग सुटला की माणसं त्याची चाल गुणगुणत घरी जायची, आणि दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या त्या चालीवर भाजी विकायच्या. म्हातारपणी तो स्वतःच्याच गावच्या बाजारात उभा राहून स्वतःची चाल ऐकायचा आणि तिथं त्याला कुणी ओळखायचं नाही. पाद्रीबाबांनी लहानपणी त्याला तसं उभं राहिलेलं पाहिलं होतं. नाव मात्र त्यांना आठवेना. सगळे त्याला बँडवाल्याचा पोरगा म्हणायचे, तेच त्यांच्या डोक्यात राहिलं होतं.

ही गोष्ट तुम्ही मला कितीदा सांगितलीत, मास्तर. दरवेळी बाजारातल्या जागेवर येऊन थांबायचात. "पाय ना सुमन, त्याले कोनी ओळखत नाही, आन् तो खूश हाये." मग पेटी ओढायचात.

आपल्याकडे नाटकात गद्य बोलतात आणि मध्ये पद येतं. तुम्ही ठरवलंत की बोलायचंच नाही, सगळं गायचं. चहा टाक, हेही गाऊन. 'शेजारचा कुलर' केलंत तेव्हा महालात लोकांनी तोंडावर थट्टा केली. "मास्तर, घरीबी वरण गाऊनच मागता काय?" तुम्ही म्हणालात, "मागतो ना. पण तुमची वहिनी देत नाही. ते म्हणते, आधी सुरात माग." गल्लीत पहिला कुलर येतो आणि शेजारीण जळून खाक होते, एवढीच गोष्ट. वाळ्याच्या वासापासून पाण्याच्या बादलीपर्यंत सगळ्याला चाल. मी त्यात फक्त कपडे शिवणार होते.

शेजारणीचं काम करणारी बाई ऐन वेळी माहेरी गेली. मी कोपऱ्यात बसून काजं करत होते आणि तिची जागा आली की आपोआप गुणगुणत होते. तुम्ही पेटी बंद केलीत. "हे आत्ता कोन म्हटलं?" मी सुई खाली ठेवली. मी म्हटलं, मला भरभर वाचता येत नाही, मास्तर, मी कागद हातात घेतला की अक्षरं हलतात. तुम्ही म्हणालात, "मले तरी चाल कुठी लिहिता येते? मी गातो, तू ऐक. दोघांचं जमते."

कळमेश्वरच्या पहिल्या प्रयोगाला मी पडद्यामागच्या खांबाला धरून उभी होते आणि सोडत नव्हते. तुम्ही पेटीवरून उठून आलात. मला वाटलं धीर द्याल. तुम्ही म्हणालात, "खांब मंडपवाल्याचा हाये. वापस कराचा हाये." मला हसू आलं आणि हात सुटला. मी आजही प्रयोगाआधी घाबरते. पण खांब धरत नाही.

आता त्या 'अडकण्या'बद्दल लिहायला हवं. कारण भांडण त्याचंच आहे.

तुमच्या गुरूच्या तबकडीत एक जागा होती. बाई काहीतरी म्हणते, पुन्हा तेच म्हणते, तिसऱ्यांदा तेच, आणि मग झर्रकन पुढे जाते. तुम्ही त्या जागेवर फिदा होता. "तीनदा! हिंमत पाय या मानसाची." मग तुमच्या प्रत्येक नाटकात एक ओळ अशी तीनदा अडकायला लागली. 'शेजारचा कुलर'मध्ये मी म्हणायचे, "मी नाही हो जळत." 'राशनची रांग'मध्ये म्हातारा म्हणायचा, "माझा नंबर होता." मौद्याच्या मंडईत, त्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, आपण भर दुपारी केलं होतं ते आठवतं? मी दुसऱ्यांदा "मी नाही हो जळत" म्हटलं आणि समोरच्या सगळ्या बायांनी तिसऱ्यांदा माझ्याबरोबर म्हटलं. मागून एक आजी ओरडली, "जळते वं, जळते, आमाले दिसून राहिलं." मी तिथंच हसत सुटले आणि गुलाबराव टीप मारतच राहिले. परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीला डोकं टेकून म्हणालात, "भाजीवाल्या म्हनतील उद्या." आणि खरोखर, महिन्याभरात इतवारीच्या बाजारात एक भाजीवाली मेथी विकताना तीच ओळ म्हणत होती. तुम्ही मला लांबून दाखवलंत, जवळ जाऊ दिलं नाहीत. "नको. ओळखंल ते."

त्या बाजारात उभे असलेले तुम्ही मला सगळ्यात जास्त आठवता.

मग या वर्षी पाद्रीबाबा त्यांच्या देशी परत जायला निघाले. त्यांच्या बहिणीनं तिकडून एक पार्सल पाठवलं होतं. त्यांनी ते तुम्हाला दिलं. तीच तबकडी, पण नवी कोरी, एकही ओरखडा नसलेली. तुम्ही आम्हाला सगळ्यांना बोलावलंत. वहिनींनी कोथिंबीर भरून पुडाच्या वड्या केल्या होत्या. तुम्ही मधलं इंग्रजी अक्षरातलं नाव मनातल्या मनात वाचलंत, कुणाला सांगितलं नाहीत, आणि सुई ठेवलीत.

ती जागा आली. बाईनं ओळ म्हटली. एकदा. आणि पुढे गेली.

गुलाबराव म्हणाले, "मास्तर, हे त पुढं चालली गेली."

तुम्ही सुई उचलून पुन्हा मागे ठेवलीत. पुन्हा एकदाच. मग जुनी लावलीत. तीनदा. चऱ्यावर सुई कट्ट, कट्ट आवाज करत होती, तो आवाज आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो आणि आमच्यापैकी एकालाही तो ऐकू आला नव्हता. सुई अडकत होती, मास्तर. गुरूनं तसं काही केलंच नव्हतं.

मला वाटलं तुम्ही हसाल. दुसऱ्या कुणाची ही गोष्ट असती तर तुम्ही त्यावर नाटक केलं असतं. तुम्ही वडीसुद्धा खाल्ली नाहीत.

तेव्हा आपलं नवं नाटक 'पाहुणे जात नाहीत' निम्म्याच्या वर बसलं होतं. एक आत्या भाच्याकडे दोन दिवसांसाठी येते आणि राहते. शेवटी ती निघते तेव्हा भाचा-सून सुटल्याच्या आनंदात असतात, आणि दाराशी ती "निघते आता" म्हणते. बसल्या जागेवरून एकदा, दारात एकदा, फाटकाशी एकदा. तोवर त्या दोघांच्या तोंडावरचं हसू गेलेलं असतं. ही जागा तुम्हीच बांधली होतीत. "आपल्याइकडं पाहुना एकदा म्हनून कुठी निघते? तीनदा म्हनते, तवा कुठी चप्पल घालते."

पुढच्या तालमीला तुम्ही म्हणालात, "सुमन, एकदाच म्हन. आन् निघ."

मी म्हटलं, का?

"काहून म्हणजे? ते चुकीचं हाये म्हनून. मी एवढी वर्सं एका चऱ्याची पूजा केली. ज्याले गुरू मानला त्याचं म्हननं मी बिघडवून सांगत राहिलो."

मी म्हटलं, लोकांना आवडतं ना, मास्तर.

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी अजून गिळलेलं नाही. "तेच त. लोक चऱ्याले हसले वं. मले नाही."

मला भांडण कधीच वेळेवर सुचत नाही, दोन दिवसांनी मशीनवर बसले की सुचतं. त्या दिवशी मला फक्त राग आला. एवढं सगळं हसणं तुम्ही एका ओरखड्याच्या नावावर करून मोकळे झालात, त्यात माझं पण हसू होतं, मौद्याच्या आजीचं होतं. मी म्हटलं, "मग तुम्हीच शोधा एकदा म्हणणारी बाई." आणि उठले. तुम्ही पेटीकडे पाहत होता. दारात मी म्हटलं, "निघते."

एकदाच म्हटलं, मास्तर. आणि निघाले. चप्पल पायात नीट न घालता निघाले.

चार दिवसांनी सकाळी गुलाबरावांचा मुलगा सांगायला आला.

दहावं झाल्यावर मी वहिनींना विचारलं, त्या दिवशी मी गेल्यावर ते काही म्हणाले का? मला काय ऐकायचं होतं, तुम्हाला ठाऊक आहे. वहिनी खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, "काही नाही बाई. चहा मागतला. मी सुरात माग म्हटलं नाही, एवढंच मले आठवते."

काल मंडळ बसलं. गुलाबराव म्हणाले, "मास्तरांचा शेवटचा शब्द एकदा असा होता. आपन तो मोडाचा नाही." मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माह्याकडं काहून पाहून राहिली? भांडण तुमच्या दोघांचं हाये. तूच मिटव."

तर मिटवते. हे उत्तर मला तुम्ही गेल्यानंतर सहाव्या दिवशी सुचलं, साडीला फॉल लावताना नाही, एका परकराला हातशिलाई करताना. वहिनींनी मला जुनी, चऱ्याची तबकडी आणि फोनो दिला आहे. 'नवी मी ठेवते, जुनी तुले,' म्हणाल्या. मी ती जागा लावून ऐकली. पुन्हा पुन्हा ऐकली. मास्तर, तबकडीवरची बाई तीनदा अगदी तेच म्हणते. तोच श्वास, तोच सूर, तीच लय. सुई अडकली की दुसरं काय होणार?

आणि तुम्ही? 'मी नाही हो जळत' तुम्ही मला कसं शिकवलंत? पहिल्यांदा टिपेत, मान उडवून, म्हणजे शेजारच्या घरात ऐकू जायला हवं. दुसऱ्यांदा फॉलमध्ये, म्हणजे नवऱ्याला पटवायला. तिसऱ्यांदा हातशिलाई, हळू, स्वतःलाच. तिसऱ्यांदा म्हणताना तुम्ही पेटीचा भाता जवळजवळ सोडूनच द्यायचात. तिथं लोक हसायचे आणि त्याच वेळी समोरची एखादी बाई डोळ्याला पदर लावायची. हे चऱ्यानं केलं? चऱ्याला एवढं येत असतं तर प्रत्येक चरा पडलेली तबकडी गुरू झाली असती. तुमच्या गुरूनं ते एकदाच म्हटलं असेल. त्याला त्याच्या गावच्या माणसांची रीत माहीत. तुम्हाला आपली. लोक तुम्हालाच हसले, मास्तर. तुम्हालाच.

हे मी त्या दिवशी म्हणू शकले असते तर आपण वड्या खाल्ल्या असत्या. मला ते सुचलं नाही, याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहील. पण वाईट वाटतं म्हणून मी तुमचं ऐकणार नाही. गुलाबरावांना मी तेच सांगितलं. म्हटलं, मास्तर चिडलेले असताना बोलले तो शब्द शेवटचा धरायचा की पंधरा वर्षं शिकवलं तो? त्यांनी तबल्याची गादी नीट केली. मग म्हणाले, "तिसऱ्यांदाचा ठेका मी नाही धरनार. मास्तर थांबत होते, मीबी थांबीन." त्यातच त्यांचं 'हो' आलं.

मला तुम्ही जे दिलंत त्याचं नाव मला येत नाही. परक्या गावात खाली मान घालून बसलेल्या बाईला तुम्ही म्हणालात, थांबू नको. मी थांबले नाही, एवढंच माझ्याकडून झालं. आता मला 'मले' म्हणता येतं. शेजारणींशी भांडता येतं. तुमच्याशी मात्र एकदाच भांडले, आणि तेही अर्धवट.

रविवारी आत्या मीच आहे. पेटीवर वहिनी बसणार आहेत; त्यांना सगळ्या चाली येतात हे आम्हाला आत्ता कळतंय, तुम्हाला माहीत असणार. मला भीती वाटते आहे. खांब धरणार नाही. शेवटच्या जागेला मी पिशवी काखेत घेईन आणि बसल्या जागेवरून म्हणेन, निघते आता. मोठ्यानं, भाच्याला बरं वाटावं म्हणून. मग दारात म्हणेन, सुनेकडे बघून. आणि फाटकाशी जाऊन वळेन, चप्पल नीट पायात घालेन, आणि जे त्या दिवशी तुमच्या दारात म्हणायचं राहून गेलं ते अगदी हळू म्हणेन. पेटी थांबलेली असेल. तबला थांबलेला असेल.

तेवढं झालं, की मग निघेन.